नणंदेच्या लॅपटॉपची बारकी वाट

आमच्या घरात नेटची मशीन देवाशेजारच्या फडताळात राहते. गारखेड्यातल्या आमच्या साऱ्या गल्ल्यांचं नेट तिच्यातून जातं. कुणाचं नेट कोणत्या वाटंनं न्यायचं ते ठरवणं हे माझ्या नवऱ्याचं काम. वाटा दोन, एक जाडी लाईन, एक बारकी. पाणी सोडणारा माणूस नाय का, चावी फिरवून आज ह्या गल्लीला, उद्या त्या गल्लीला? तसंच, फक्त चावीच्या जागी आकडे, हर घराला, हर लॅपटॉपला एकेक. आणि पाणी सोडणाऱ्याच्याच घरची टाकी वाहताना दिसली की लोक काय काय बोलतेत! म्हणून नवऱ्याची ताकीद, "घरच्यांसाठी येगळी वाट टाकायची नाय म्हणजे नाय."

मी आठवी, इंग्रजीत काठावर पास. पण नवरा तिकडं वाळूजच्या कारखान्यांकडं अडकला की फोनवरून एकेक अक्षर सांगतो आणि मी टाकते, पोरगी कडंवर, उगं एक चुकलं तर सारा गारखेडा अंधारात. एकच आधार. टाकलेला बदल दहा मिनिटंच टिकतो. नीट चाललं तर 'पक्कं' करायचं, नायतर मशीन आपोआप पहिल्यासारखी होते. हे त्याचंच डोकं, मला बघूनच काढलं असंल.

त्या दिवशी नणंदेची मुलाखत होती, पुण्याच्या कंपनीची, लॅपटॉपवर. मागच्या मुलाखतीत नेट अडकलं आणि पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कंपनीनं परत विचारलं नाय. सासूबाईंनी सांगून टाकलेलं, "ह्यावेळेस नोकरी नाय तर नवरा."

आणि नेमकी तवाच जाडी लाईन अडखळायला लागली. नवऱ्याचा फोन, "अगं, वाळूजच्या अलीकडं केबल दबलीय, खांबावर चढलोय."

"मग सगळ्यांना बारकीवर टाकू का?"

"याड लागलं का? एवढी गर्दी तिच्यावर? कशाला हात लावू नको!" आणि कट.

आतून नणंद, "वहिनी, चक्र फिरायलंय! साहेब समोर आलेत!"

आता काय करावं? मागं एका कारखान्याला बारकीवर टाकताना नवऱ्यानं माझ्याकडूनच टाईप करून घेतलेलं. मशीनवर वरचा बाण दाबला की जुनी ओळ परत येते. आली. कारखान्याचा आकडा काढला, आमच्या घरचा टाकला, डोळे मिटून बटण दाबलं.

आतून आवाज, "हां सर, आता क्लिअर हाय."

मी हुश्श म्हणते तोवर दारात बायका. आमच्या गल्लीची रीत हाय, नेट गेलं की फोन घेऊन नेटवाल्याच्या घरी यायचं, चौकशी करायची, शिव्या द्यायच्या, चहा प्यायचा. आमच्या वायफायचा पासवर्ड साऱ्यांना पाठ. सासूबाईच वाटतेत, हळदीकुंकवासारखा. घरात शिरल्या शिरल्या सगळ्यांचे फोन चालू!

शेजारची खाला म्हणली, "क्या गे, हमारे यहाँ सब बंद और तुमारे घर मस्त चालू?"

मी म्हणलं, "नसीब, खाला!"

बायका ऐसपैस बसल्या. सासूबाईंनी मालिका लावली, दुसरीनं दुसरी, तिसरीनं सुनेचं बाळंतपण व्हिडिओवर दाखवायला घेतलं. बारकी लाईन ती, किती सोसणार?

"वहिनीऽऽ, परत अडकलं!"

मी उठले, उदबत्ती लावली, फडताळासमोर बसले. बायकांना वाटलं, देवाचं करायलीय. परत वरचा बाण. मघाची घरची ओळ पुसली, तिच्या जागी एकट्या नणंदेच्या लॅपटॉपचा आकडा टाकला. तो मला पाठ होता. ती पहाटेपर्यंत सिनेमे बघते म्हणून नवऱ्यानं मागं माझ्याच हातून तिचा स्पीड कमी केलेला. तिला अजून माहिती नाय.

बटण दाबलं. मागं सगळ्यांचे फोन एकदम मुके.

"लो, इनका भी गया!" खालाचा चेहरा काय खुलला!

"नेटवाल्याच्याच घरी नेट नाय, तर आपल्याला कुठून येणार?" दुसरी म्हणली. सासूबाई आपल्याच लेकाला शिव्या घालायल्या. असं समाधान झालं बायकांना, चहाबी गोड लागला. आतून नणंदेचा हसण्याचा आवाज येत होता. साहेबबी हसत होते.

दहा मिनिटं भरायच्या आत, उदबत्ती अर्ध्यावर असतानाच मी 'पक्कं' करून टाकलं.

तिच्या निवडीचा फोन आला त्याच दिवशी नवऱ्याला मशीनमध्ये ती ओळ दिसली. "हे कुणी टाकलं?"

"काय की बाई. मशीन देवाशेजारी हाय, म्हणलं देवानंच..."

त्यानं ओळ पुसायला बोट ठेवलं, तेवढ्यात नणंद म्हणली, "दादा, सोमवारपासून घरूनच काम करायचंय मला."

त्यानं बोट काढलं. "देवाला सांग," मला म्हणला, "परत असलं काय टाकायच्या आधी मला फोन करत जा म्हणावं."

सासूबाई अजून विचारतेत, मालिका अडकली की, "पोरीचंच कसं बरं चालतं गं?"

"नवी नोकरी हाय आई, तिच्या कंपनीचं नेट येगळं असतंय," मी म्हणते, आणि उदबत्ती लावायला उठते.