बंद केलेली भट्टी

बंद केलेली कुठलीही वस्तू खरोखर बंद आहे, यावर तात्यांचा विश्वास नसे. कोरेगावातल्या माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आले, की बाकावर बसण्याआधी ते दुरुस्तीला आलेल्या मोटारीवर पालथा हात धरत. "बंद क्येलं म्हंजी गार झालं आसं न्हाई, गड्या." मग ती मोटार आठवडाभर जळून पडलेली का असेना.

ही खोड अणुभट्टीतली. तात्यांनी एका जुन्या अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये सगळी नोकरी काढली होती. भट्टी बंद केली तरी आत धग राहते, पाणी खेळवत ठेवावं लागतं, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की आमची अख्खी गल्ली त्या विषयात पास झाली असती. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. "माझ्या पाळीत भट्टी कवा रुसली न्हाई," हे रोजचं. कुणाला भट्टी म्हणजे दारूची वाटली, तर मात्र दोन दिवस अबोला.

दर खंडेनवमीला त्यांच्या पाळीतली माणसं कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावत. प्रथा अर्थात तात्यांनीच पाडलेली. दुसऱ्या दिवशी वरचे लोक ते पुसून घेत, पण वर्षानुवर्षं बोटं लागून तिथला पत्रा लालसर झाला तो झालाच.

तात्या निवृत्त झाल्यावर भट्टी कायमची बंद झाली आणि मोडायची ठरली. तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका साहेबाचा फोन आला. "काका, कंट्रोल रूम जशीच्या तशी ठेवणार आहोत, लोकांना बघायला. कुठलं काय, ते तुम्हीच सांगा."

तात्या कडक इस्त्री करून गेले. रंगरंगोटीसाठी पॅनेल हलवावं लागणार होतं. पुन्हा जोडताना चूक नको, म्हणून त्यांनी तिथे राहून एकेका वायरीला नंबरची चिठ्ठी बांधली. निघताना एकच मागणं केलं, "कुंकवाचा डाग पुसायचा न्हाई." साहेबाने हातात हात देऊन शब्द दिला.

उद्घाटनाचं बोलावणं आलं तशी तात्यांनी गाडीच ठरवली. मी, काकी, गल्लीतले चार जण, आणि आटपाडीहून काकींचा भाऊ. हा मेहुणा इतकी वर्षं तात्यांना थापाड्या म्हणत आला होता, त्यामुळे त्याला नेणं सगळ्यात महत्त्वाचं.

दालनात दिवे लुकलुकत होते. तात्यांनी सवयीने पॅनेलवर पालथा हात धरला. मग बोटाने ठोकून पाहिलं. आवाज लाकडाचा आला. कोपऱ्यात कुंकवाचा डागही होता, फोटोवरून छापून चिकटवलेला.

"आवं साहेब, खरं कुटं हाय?"

"जागा लागत होती, काका. भंगारात गेलं. पण तुमच्या नंबरांचा फार उपयोग झाला. कापणाऱ्यांना कुठेच अडलं नाही." साहेब हे कौतुकाने सांगत होता. "आणि दिसायला तेच आहे ना?"

"ह्ये कवाच गरम न्हवतं," तात्या म्हणाले.

परतताना मेहुणा काहीतरी टोचून बोलेल अशी मला धास्ती होती. पण त्याने पाण्याची बाटली उघडून तात्यांपुढे धरली. साताऱ्याजवळ आल्यावर तात्या म्हणाले, "मीच कापाय दिलं की रं."

मला त्या साहेबाचा राग आला, आणि तो अजून आहे. परक्याने घात केला तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. ज्याला बोट धरून शिकवलं, त्याला काय म्हणायचं?

पुढेही तात्या दुकानात येत, पण मोटारीवर हात धरत नसत. बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहत. खंडेनवमीला मी हळदकुंकवाचं ताट त्यांच्यापुढे केलं, तर म्हणाले, "माझ्या हातचं नगं." त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले.

परवा काकींकडे बसलो असताना साहेबाचा फोन आला. तात्यांची कामावरची टोपी हवी होती, काचेच्या पेटीत, खाली नाव लिहून ठेवायला. टोपी समोर खुंटीलाच होती. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"पॅनेल लाकडाचं क्येलंसा न्हवं? टोपी बी तसलीच करून घ्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी गॅस बंद केला, चहाचं भांडं उतरवलं आणि बर्नरवर पालथा हात धरला. बराच वेळ तसाच धरून राहिल्या.