लॉजचा कर वाढवला तेव्हा

करखात्यात नोकरी केली की पेन्शन बेताची मिळते, पण किस्से भरपूर! आजही मी आणि सलीमभाई चहाला बसलो की काहीतरी जुनं निघतंच. मी दुसरं काही सांगायला लागलो तर सलीमभाई अडवतात, "अरे वो छोडो मियां, लॉज का टॅक्स सुनाओ!"

तर लॉजचा टॅक्स. शहर तेव्हा औरंगाबाद. वेरूळ-अजिंठा बघायला जगभरची माणसं यायची, आणि आमच्या बसस्टँडजवळ बायकांसाठी साधं स्वच्छतागृह नव्हतं. तेव्हा लॉजच्या खोल्यांवरचा कर वाढवायचा आणि त्यातून आधी हे काम करायचं, असं ठरलं. लॉजवाल्यांना समजावायचं काम तिघांवर: मी, सलीमभाई आणि आमचे देऊळगावकर साहेब.

साहेब शुद्ध मराठीचे भक्त. पहिल्याच मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपण निवासोपभोगाधिभाराबाबत विचारविनिमय करणार आहोत."

हॉलमध्ये मागून एक लॉजवाला हात जोडून उठला.

"साहेब, कर काय असंल तो बघू. पण हे नाव आमाला बोलायला लावू नका!"

*

हसणं थांबल्यावर खरी भांडणं सुरू झाली. "गिऱ्हाईक पळून जाईल!", "आम्ही बोर्ड उतरवून ठेवू!" कुणी टेबलावर हात आपटतोय, कुणी निघालाय. सभा मोडणार, हे दिसत होतं. साहेब कपाळ पुसत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून कौसाबाई उठल्या. मूळच्या पैठणच्या. नवरा गेल्यावर बसस्टँडसमोरचं लॉज त्या एकट्या चालवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे.

"गप बसा की जरा," मावशी म्हणाल्या. "तुमी सगळे गडी. कुठं बी भिताडाच्या आड उभं ऱ्हाता. गाडीतून उतरलेली बाई कुठं जाईल? रोज माज्या दारात येऊन उभ्या ऱ्हात्यात. परवा एक पोटुशी पोरगी आली. मागायची बी लाज वाटली तिला. रडाया लागली."

निघालेला एकजण दारातच थांबला होता. तो परत येऊन खुर्चीवर बसला.

"मावशी, बसा तुमी," तो म्हणाला. "साहेब, लावा तुमचा कर. पण बांधकाम आधी दिसलं पायजे!"

बाहेर पडल्यावर साहेब बराच वेळ चष्माच पुसत होते.

*

मान्य केलं म्हणून सगळे सरळ भरतील असं थोडंच आहे! एका लॉजवर मी आणि सलीमभाई तपासणीला गेलो. मालक म्हणाला, "यंदा धंदाच नाय. वर जे हायेत ते सगळे घरचे पाव्हणे."

इतक्यात जिन्यावरून एक जपानी जोडपं उतरलं. गळ्यात कॅमेरे.

"ये कौन?" सलीमभाईंनी विचारलं.

मालक जरा चाचरला. "आमचे... साडू."

जपानी पाहुणा काउंटरशी आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "बिल, प्लीज!"

सलीमभाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "साडू बडे खानदानी हैं. निघताना खुद बिल मांगते हैं!"

मालकानं त्याच दिवशी कर भरला. वर आम्हाला चहा पाजला, तोही साडूच्या शेजारी बसवून.

*

पुढे साहेबांच्या भाच्याचं लग्न परगावी होतं. आम्हालाही आग्रहानं नेलं. लॉज सोडताना साहेबांच्या हातात बिल आलं आणि त्यांचा आवाज चढला.

"हा कसला कर? आम्ही झोपलो फक्त! ही लूट आहे!"

सलीमभाई हळूच म्हणाले, "साहेब, पाहुण्याने शहराचं पाणी वापरलं, दिवे वापरले, तर शहरासाठी थोडं द्यायला नको? मीटिंगमध्ये आपणच तर सांगता!"

साहेबांनी पाकीट काढलं. म्हणाले, "भाषण करताना मी गिऱ्हाईक नव्हतो!"

*

आणि उद्घाटनाचा दिवस. वर्ष-दीड वर्ष धावपळ केली, पण स्वच्छतागृह उभं राहिलं. पांढऱ्या टाइल्स, चोवीस तास पाणी. दाराला लाल फीत. कौसामावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. शहराचा इतिहास, शहराचं भविष्य, मग पुन्हा इतिहास. ऊन चढलं. भाषण काही संपेना.

तेवढ्यात गंगापूरची गाडी लागली. तिच्यातून एक म्हातारी उतरली. हातात बोचकं. मांडवाकडे बघितलं, पाटीवर काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारलं आणि सरळ दाराकडे निघाली. फितीखालून वाकून आत शिरणार, एवढ्यात साहेब धावले.

"आजी, आजी! थांबा! अजून उद्घाटन व्हायचंय!"

म्हातारीनं बोचकं साहेबांच्या हातात दिलं.

"व्हय का? मग त्यांना बोलू दे बाबा. मी येते करून!"