माईक मी धरतो

चूक माझीच होती. तेवढं आधी मान्य करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

टेमघर नाक्यावर रिक्षा उभी. टपावर दोन कर्णे, चारी अंगांनी एका पक्षाचे कोरे करकरीत झेंडे. मागच्या सीटवर मी, हातात माईक. महापालिकेच्या प्रचाराचा पहिला दिवस. नाक्यावर सकाळची गर्दी, कापडाच्या लूमची रात्रपाळी सुटलेली. मी घसा साफ केला, माईकवर फुंकर मारली आणि सुरू झालो. बंधूंनो, भगिनींनो, आपल्या सुखदुःखात धावून येणारे, आपले लाडके नाना. इथवर ठीक होतं. पुढे नानांची निशाणी सांगायची होती. माझ्या तोंडून जुन्या पक्षाची निशाणी गेली.

बरं, एकदा गेली असती तर खोकून सावरलं असतं. मी रंगात आलेलो. निशाणी घोळवून घोळवून सांगितली. लोक हसायला लागले तर मला वाटलं, आज आपलं बोलणं जमतंय. शेवटी रिक्षावाले सलीमभाई मागे वळले आणि म्हणाले, "अरे भाई, ये तो पुरानी दुकान का माल है."

मी झेंड्याकडे बघितलं. झेंडे नव्या पक्षाचे होते.

त्याचं असं झालं होतं. नाना म्हणजे आमच्या भागातले जुन्या पक्षाचे पुढारी. गोदामांचे मालक. तिकीट मिळणार नाही असा वास लागला तसे ते एक दिवस गणेशपुरीला गेले, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली आणि परतले ते पक्ष बदलूनच. पाण्याचा गुण म्हणायचा. त्यांच्याबरोबर त्यांच्या जीपा गेल्या, खुर्च्या गेल्या, सतरंज्या गेल्या, कर्णे गेले. कर्ण्यांबरोबर मी गेलो. मी पक्ष बदलला नव्हता. सामान हलवताना मलाही हलवलं होतं. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. जीभ तेवढी जुन्या जागी राहिली.

नानांची जीप मागेच होती. गळ्यात हार घालून नाना उतरले. मला वाटलं, शिवी देतील. शिवी ऐकायची सवय होती. पण त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. बंद नाही केला. तोंडाजवळ नेला आणि हसत हसत, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं बोलले:

"माफ करा मंडळी. या लोकांच्या डोक्यात नवीन काही लवकर शिरत नाही. ती जातच तशी."

मग मला म्हणाले, "कान धर."

मी एक कान धरला. दुसऱ्या हातात त्यांनी माईक परत दिला होता. नानांच्या ते लक्षात आलं. मोठे समजूतदार. म्हणाले, "दोन्ही धर. माईक मी धरतो."

त्यांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. मी दोन्ही कान धरले. चाळिशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, एका मुलीचा बाप. भर नाक्यावर रिक्षात बसून दोन्ही कान धरून म्हणालो, "मी चुकलो. नाना, मी चुकलो."

हळू म्हणायला गेलो. पण माझा आवाज हळू होत नाही. तोच तर माझा धंदा.

हा आवाज मला लूमने दिला. पोरवयात शेडमध्ये लागलो. शंभर खटारे, म्हणजे माग, एकदम चालत असताना शेजारच्या माणसाला 'धागा तुटला' सांगायचं तर बेंबीपासून ओरडावं लागतं. आमच्याकडचे सगळे कामगार घरातही भांडल्यासारखे बोलतात, ते त्यामुळे. मला त्या ओरडण्यात सूर सापडला. मराठी, हिंदी, थोडं उर्दूचं अत्तर. माणूस बुटका, आवाज उंच. वडील जुन्या पक्षाचे. वस्तीतले पुष्कळ लोक त्यांना बोलायचे, आपण आपलं निशाण धरावं, दुसऱ्याच्या ओट्याखाली किती दिवस उभं राहायचं. वडील म्हणायचे, गरिबाचं नाव घेणारा हाच एक पक्ष दिल्लीपर्यंत जातो. त्यांनी मला बोटाला धरून सभेला नेलं. तिथं कुणीतरी माझा आवाज ऐकला. तेव्हापासून सभा कुठलीही असो, खारबावला असो की आमच्या मैदानात, निवेदन माझं.

निवेदन कसं, तेही सांगतो. स्टेजच्या मागे कापड असतं. कापडामागे बांबू, वायरींचा गुंता, पाण्याचे जार आणि मी. नानांनीच घालून दिलेली रीत. सुरुवातीला एकदा मी हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर पुढे गेलो होतो. नाना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्याला तुझा आवाज पाहिजे. तू मागे बरा." मी हसलो. मला ते कौतुक वाटलं. असा मी शहाणा. मग वर्षानुवर्षं कापडामागून एकेकाला नावाने बोलवायचो. अमुक साहेबांनी आसनस्थ व्हावं, तमुक साहेबांनी दीपप्रज्वलन करावं. सगळ्यांना खुर्चीवर बसवणारा मी, स्वतः जारवर बसायचो. समोरचे लोक टाळ्या वाजवायचे. आवाजाला चेहरा आहे की नाही, हे कुणी कधी विचारलं नाही. आणि त्या आवाजाची जात काय, हे मात्र स्टेजवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तर तो दिवस. नानांनी माईक परत दिला आणि जीप पुढे गेली. मला तेव्हा रिक्षातून उतरता आलं असतं. उतरलो नाही. संध्याकाळपर्यंत नवी निशाणी सांगितली. अगदी बरोबर सांगितली. सलीमभाईंनी मला दोनदा चहा पाजला.

आमची वस्ती नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. बुद्धविहाराच्या खांबापर्यंत कर्ण्याचा आवाज स्वच्छ येतो. घरी आलो तर मंदाने, माझ्या बायकोने, खिडकी लावलेली. उकाड्याचे दिवस. तिने ताट वाढलं. मुलगी पाचवीत. ती भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं नाटक करत होती.

चार दिवसांनी ती शाळेत जाईना. मंदाने खोदून विचारलं तेव्हा कळलं. वर्गात पोरं तिला बघून दोन्ही कान धरायची. एक जण पट्टी तोंडाशी धरायचा. माईक म्हणून.

नाक्यावर नाही, मला इथं राग आला. उशिरा आला. नाना म्हणाले होते ना, आमच्या डोक्यात लवकर शिरत नाही. पण शिरलं ते मग निघालं नाही.

नाना निवडून आले. मी त्यांचा माईक सोडला. जुन्या पक्षाच्या कार्यालयात गेलो तर तिथं खुर्चीही नव्हती. नानांनीच नेलेल्या. एकापाठोपाठ एक सगळे मोठे गेले होते. कुणी या पक्षात, कुणी त्या पक्षात, जाताना आपापली आळी, आपापला पाडा शेळ्यांसारखा हाकत घेऊन. उरलो आम्ही. वस्तीतले थोडे, लूमवाले थोडे, सलीमभाई. पुढे लोकसभेच्या निवडणुकीला बूथबाहेर पक्षाचं टेबल मी घरून नेलं, मुलीचं अभ्यासाचं. लोक जाता जाता टोमणे मारायचे. काय रे, दुकान चालू हाय का अजून? मी म्हणायचो, चालू हाय, गिऱ्हाईक न्हाय. हसायचे. मीही हसायचो. आतून जळायचो.

वस्तीतल्या तरुणांनी मला उभं करून विचारलं, त्या पक्षाने तुम्हाला दिलं काय? मी वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, आम्ही तुमच्या वडिलांना नाही, तुम्हाला विचारतोय. पण कर्णे भाड्याने आणून, शिफ्ट संपवून, मी गल्लीगल्लीत त्याच पक्षासाठी ओरडलो. कापडामागून नाही. रिक्षाच्या पुढच्या सीटवर सलीमभाईंच्या शेजारी बसून. लोकांनी पहिल्यांदा बघितलं, आवाज कुणाचा ते. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो व्हय? मला वाटलं कुनी मोठा मानूस असंल."

आणि मग वारं फिरलं. दिल्लीत जुना पक्ष परत सत्तेवर आला. कुणाला वाटलं नव्हतं, पेपरवाल्यांनाही नाही. आमच्या नाक्यावर आम्ही पेढे वाटले. त्या दिवशी मला खरंच वाटलं, आता आपलं घर नीट लागेल. पुन्हा मीच शहाणा.

कार्यालयात खुर्च्या परत यायला लागल्या. त्याच खुर्च्या. पाठीवर नानांचं नाव रंगवलेलं. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर निरोप आला, नाना पक्षात येतायत. टेमघरच्या मैदानात प्रवेशाचा कार्यक्रम, मुंबईहून पक्षाचे मोठे साहेब येणार, निवेदन तुझं.

मी म्हणालो, त्यांनी मला काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्याचे पदाधिकारी म्हणाले, जुनं उगाळू नको, पक्ष वाढतोय. पक्ष वाढतोय. म्हणजे ज्यांनी तो पडल्यावर लाथ मारली ते परत येतायत आणि आम्ही सतरंजी झटकायची. मी नाही म्हणणार होतो. मंदा म्हणाली, जा. एवढंच म्हणाली.

मैदान भरलेलं. खांबाखांबावर कर्णे, वस्तीपर्यंत लावलेले. कापडामागे तोच गुंता, तेच जार. नाना कार्यक्रमाआधी स्वतः मागे आले. आता जरा थकलेले, केस रंगवलेले. मला बघून गालात हसले. "काय रे, आता निशाणी चुकणार नाहीस ना? तुला आवडती तीच आहे." बरोबरचे हसले. मग माझ्या हातात वाचायचा मजकूर दिला. "मागूनच बोल. फोटोत येऊ नकोस."

मजकुराचं पहिलंच वाक्य होतं: नाना आज स्वगृही परतत आहेत.

स्वगृही.

ते पुन्हा पुन्हा वाचलं. घर कुणाचं? छप्पर उडालं तेव्हा आत कोण होतं? टेबल कुणाच्या पोरीचं होतं? ज्याने जाताना खुर्च्याही उचलल्या त्याचं हे घर, आणि आम्ही घरात झाडू मारणारे. वडिलांचं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. त्यांनाही कुणी कधी स्टेजवर बसवलं नव्हतं. ते ज्या पक्षाला आपलं म्हणायचे, त्या पक्षाने त्यांना आपलं म्हटल्याचं मला एकदाही आठवेना.

पलीकडे सनई थांबली. मी बोलायची वेळ. सगळे वाट बघतायत.

मी कापड उचललं आणि पुढे गेलो.

ऐटीत गेलो असं समजू नका. माईकची वायर अपुरी पडली. बांबूला अडकली. मी स्टेजच्या मधोमधच अडलो, बरोबर साहेबांच्या आणि नानांच्या खुर्च्यांपुढे. जसा कुणी नेमून उभा केला. आवाज मात्र लूमचा होता.

"मी तो मागचा आवाज," मी म्हणालो. "इथल्याच नाक्यावर नानांनी मला कान धरायला लावले. माझी जात काढली. माईकमधून काढली. माझ्या मुलीने शाळेत ते भोगलं. नानांना पक्षात घ्यायचं तर घ्या. पण आधी त्यांनी तेव्हाचे शब्द इथं परत म्हणावेत आणि चुकलो म्हणावं. नाना, उठा. माईक मी धरतो."

आणि मी माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

नाना खुर्चीत मागे सरले. त्यांचा श्वास कर्ण्यांतून ऐकू आला, घरघर असा, सगळ्या वस्तीला. साहेबांनी शेजारच्याला विचारलं, हा कोण? तेही माईकमधून ऐकू गेलं. इतकी वर्षं यांच्या नावाने घसा फोडला आणि हा कोण. मी वळून म्हणालो, "सांगतो साहेब. मी ज्या घरातून येतो, ते घर तुमच्या पक्षाला," आणि कुणीतरी वायर उपटली.

मग चार जणांनी मला धरून खाली आणलं. मारलं नाही, लोक बघत होते. पदाधिकारी दात खाऊन म्हणाले, वातावरण खराब केलंस. दुसरा कुणीतरी माईकवर आला. नाना स्वगृही परतले. हार, शाल, झेंडा, फोटो. त्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. कुणी चुकलो म्हटलं नाही. मला पक्षातून काढल्याचं कुणी कळवलंही नाही. यादीत नसलेल्याला काढणार कसं?

एवढंच झालं की मैदानातून बाहेर पडताना आमच्या वस्तीची माणसं एकेक करून उठली आणि माझ्यामागे चालू लागली. तरुणही, म्हातारेही. सलीमभाईही. मागे खुर्च्या रिकाम्या पडल्या.

वाटेत माझं ठरलं. पक्ष पडो नाहीतर वर येवो, माझा आवाज आता कुणाच्या सामानात जाणार नाही. मत मागायला जो येईल, त्याला नाक्यावर उभं राहून आधी आमचं ऐकावं लागेल. चेहऱ्याकडे बघून. वडिलांचा पक्ष वडिलांबरोबर गेला. माझा अजून मला सापडायचा आहे. पण कापडामागे तो नाही, हे नक्की.

घरी आलो तर खिडकी सताड उघडी. मुलगी उंबऱ्यात उभी. मंदा चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, ऐकलंस का? ती वळली. डोळे कोरडे होते.

"ऐकलं," ती म्हणाली. "पन तुमचं बोलनं अर्धं ऱ्हायलं. उद्या नाक्यावर जाऊन पुरं करा. माईक नसला तरी चालंल. आमी दोघी येतो संगं."