करड्या पतंगाचं पोट

ब्लाझेनाने तपासायला दिलेल्या पतंगाची डबी ओटाकारने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साधाच आहे गं. पोट उघडायची गरजच पडली नाही, पंखांवरूनच कळलं." तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

मिकुलोवमध्ये बटणं-दोऱ्यांचं दुकान चालवण्यात ब्लाझेनाचं आयुष्य गेलं, पण जीव अडकलेला तो नखाएवढ्या करड्या पतंगांत. त्यांच्या दोन जाती, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एक कुठल्याही दिव्यावर येते. दुसरी पालवाच्या डोंगरावर आजवर कुणालाच सापडलेली नव्हती. ब्लाझेनाला वाटत होतं, आपल्याला सापडली! पण खात्री होते ती मेलेल्या पतंगाचं पोट कापून, आतले भाग भिंगाखाली पाहूनच. पतंगवाल्यांच्या मंडळात ते काम ओटाकारचं. हाच बाबा नवख्यांना दटावायचा, "पंखांवर विश्वास ठेवू नका, पंख थापा मारतात!" आणि आज हे काय?

घरी जाऊन तिने भिंग लावलं. पोटाच्या मुळाशी डिंकाचा चकचकीत थेंब! आणि ते पोट तरी तिच्या पतंगाचं कुठे होतं? तिचा सडसडीत, हे चांगलं फुगीर. मेल्याने खरं पोट ठेवून घेतलं तर! शोध स्वतःच्या नावावर लावायचा असणार. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि शेवटी ही लबाडी.

ती तरातरा परत गेली.

"माझ्या पतंगाचं पोट काढ, ओटा. कुठे लपवलंस?"

"लपवलं नाही गं."

"गप रे! माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस? डिंक दिसतो मला."

ओटाकारने नेहमीसारखी आलूबुखाराची दारू ओतायला घेतली. बाटली पेल्याच्या काठावर टकटक वाजत राहिली, निम्मी दारू टेबलावर सांडली.

"चुरा झाला त्याचा, चिमट्यातच," तो म्हणाला. "हा हात आता ऐकत नाही. म्हणून दुसऱ्याचं चिकटवलं."

शोध गेला तो गेलाच. पण सगळं मंडळ याच हातांच्या भरवशावर पतंगांना नावं देत होतं.

"आणि बाकीच्यांचे पतंग?" तिने विचारलं.

"थोडे पाहिले. उरलेले अंदाजाने."

"अरे देवा! मला तरी सांगायचंस ना, गाढवा!"

ओटाकारने सांडलेली दारू बाहीने पुसली.

"मघाशी मला चोर समजत होतीस ना," तो म्हणाला, "तेच बरं होतं गं."