कमलचं फॅट आणि दारची म्हैस

चार बायका रोज सकाळी एकत्र चालायला लागल्या की पोटं कमी होतात का नाही ते देवीला ठाऊक, किस्से मात्र वाढतच जातात! आमच्या ईट गावात आम्ही चौघी आहोत. मी, शेजारची कमल, पलीकडच्या गल्लीतली शालन आणि अंगणवाडीची मीनाक्षी. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. शाळेची पायरी चढले नाही, पुड्याच्या कागदांवर वाचायला शिकले. आज या गावात माझ्याएवढं वाचणारी बाई दाखवा, मी चालणं सोडते.

सुरुवात कमलच्या लेकानं, दत्तानं केली. तालुक्याला नोकरीला आहे, जिमला जातो. त्यानं ऑनलाइन काचेचा काटा मागवला. अनवाणी उभं राहायचं, की वजन आणि अंगातलं फॅट फोनवर दिसतं. कमल उभी राहिली. फॅट बेचाळीस!

कमल एवढी खूष! आम्हाला रस्त्यात सांगते, "डेअरीत माझ्या म्हशीच्या दुधाला सात फॅट लागलं तर समदे बघत ऱ्हातेत. मला बेचाळीस लागलंय!"

दत्तानं कपाळावर हात मारला. "आई, हे तूप-लोणी बंद. दसऱ्यापर्यंत आकडा पस्तीसच्या खाली आला न्हाय, तर म्हैस बाजारात!"

कमलचं तोंड एवढंसं झालं. ती म्हैस तिनं पारडू असल्यापासून वाढवलीय. त्या दिवसापासून बाई चालायची नाही, पळायची.

*

शालनचा काट्यावर विश्वास नाही. ती म्हणाली, "टेप आणा. शिंप्याची टेप खोटं बोलत न्हाय." मीनाक्षीनं तिची कंबर मोजली. बेचाळीस इंच! शालन रडायच्या बेताला आली.

मी नीट बघितलं. नऊवारीचा ओचा, निऱ्यांचा बोजा आणि वर कमरेला खोचलेली पान-तंबाखूची चंची!

"अगं बये, ही चंची तरी काढ!"

"चंची काढून म्या कुठंच जात न्हाय!"

शेवटी मोजमाप चंचीसकटच धरलं.

*

मीनाक्षीनं मोबाइलवर नवीन काढलं. दंडाला चिमटा घ्यायचा, हातात किती कातडी येते ते बघायचं, त्यावरून चरबी कळते म्हणे. शालननं दंड पुढं केला. आधी तिच्या लेकीनं चिमटा घेतला. अर्धा इंच. मग सुनेनं घेतला. दोन इंच, आणि शालनची किंकाळी पार वेशीपर्यंत!

सून म्हणाली, "मीनाक्षीताई, नीट आलं न्हाय बहुतेक. पुन्हा घेऊ का?"

*

एके दिवशी मी स्वतः त्या काट्यावर उभी राहिले. फोनवर काहीच येईना. दत्ता म्हणतो, "अक्का, तुमच्या टाचा लई जाड झाल्यात, करंट जात न्हाय."

मी म्हटलं, "बाबा, साठ वर्षं ढेकळं तुडवलीत. तुझ्या काचेला भिऊन मऊ होणार व्हय?"

पण डोक्यात आलं. काट्यासोबत आलेली माहितीची चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून वाचली. पाय स्वच्छ हवेत, किंचित ओलसर हवेत! कमलला गरम पाण्यात पाय बुडवायला लावले, टाचा घासायला लावल्या. बेचाळीसचे अडतीस! पोटभर पाणी पिऊन उभी राहिली, आणखी वेगळा आकडा. एका सकाळीत तीन आकडे! वाण्याचा काटा असा असता तर गावानं त्याला बडवला असता.

आणि कमलची पोलकी तोवर सैल पडून दोनदा टाके घालून आत घ्यावी लागली होती. माझा विश्वास त्या टाक्यांवर. दत्ताचा फोनवर.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक दारात आलं. एका हातात म्हशीचं दावं धरून तिचे दात बघत होतं. कमल टाचा घासून काट्यावर उभी. सदतीस.

दत्ता मान खाली घालून म्हणाला, "आता काय करू, अक्का? आकडा पस्तीसच्या खाली न्हाय."

"फोन दाव." मी चष्मा चढवला. त्यात कमलचं नाव, उंची, वय. वय अडुसष्ट!

"हे कुठून आणलंस?"

"आधार कार्डावरनं."

"अरे, माझ्या लग्नात ही रांगत होती. मी चौदाची होते. एकसष्ट टाक!"

त्यानं टाकलं. कमल पुन्हा उभी राहिली. सदतीसचे छत्तीस. जागेवर, एक घासही न सोडता! पण अजून खाली यायला हवं होतं. कमल म्हशीकडं बघायला लागली.

मी आणखी वाचलं. वयाच्या खाली लिहिलं होतं, बाई का पुरुष. मी बाई काढलं, पुरुष केलं.

"उभी ऱ्हा गं."

सत्तावीस!

दत्ता ओरडला, "अक्का, ही काय लबाडी? माझी आई बाप्या हाय व्हय?"

कमल काट्यावरून हलली नाही.

"तुझा बाप गेला तवा तू तिसरीत हुतास. नांगर कुणी धरला रं? बरोबर लिवलंय अक्कानं. तसंच ऱ्हाऊ दे."

मग ती खाली उतरली, गिऱ्हाइकाच्या हातातून दावं काढून घेतलं, आणि चरवी घेऊन धारेला बसली.