सोडला, सुटला, ओढला

तुम्ही खोटं बोललात, आणि तेही दगडावर. तोंडानं बोललेलं खोटं चार दिवसांत विरून जातं. तुम्ही ते काळ्या दगडात कोरून घेतलंत, वर सोनेरी रंग भरलात. ‘सर्वश्रेष्ठ शर्यतपटू बैल सरकार. चालकाने कासरा सोडल्यामुळे झालेल्या अपघातात वीरमरण.’

चालक म्हणजे कोण? त्याला नाव नव्हतं? मी सांगते. पोपट मदने. माझा थोरला भाऊ, त्याच अपघातात गेलेला. बैलाचं नाव सरकार आणि माणसाचं नाव पोपट, म्हणून तुम्हाला ते कोरायला लाज वाटली असेल. पण तुमच्या सरकारच्या मागं छकड्यावर बसून प्रत्येक मैदान मारलं ते या पोपटानंच.

आणि तुमची हिंमत बघा. उद्या त्या दगडी बैलावरचा पडदा ओढायचाय, त्याच्या पाठीवर घालायची मखमली झूल तुम्ही माझ्याकडंच शिवायला टाकलीत. झुलीवरची अक्षरं दगडासारखीच हवीत म्हणून तुमच्या माणसानं मला दगडाचा फोटो पाठवला. त्याला वाटलं असेल, शिवणारी बाई, हिला कुठलं वाचता येतंय. मला येतं. शाळेत नाही शिकले. बैलांच्या झुली शिवता शिवता, टिकल्यांनी अक्षरं भरता भरता शिकले. राजा, वाघ्या, सुलतान, सरकार. माझी बाराखडी बैलांच्या नावांची आहे.

त्यामुळं कुठलं अक्षर कुठं बसतं ते मला कळतं, आणि कुठलं क्रियापद कुणाच्या गळ्यात बांधलंय तेही कळतं.

दुपार आहे. पत्रा तापलाय. मी ‘सर्वश्रेष्ठ’ भरतेय. अवघड शब्द आहे, वाकडातिकडा, जागा खाणारा. ‘स’ झाला, ‘र्व’ झाला. ‘श्रे’पाशी सुई जड होते. कंटाळा नव्हे हा. कंटाळा आला तर माणूस उठून चहा ठेवतो. हे दुसरंच आहे, हाडात बसलेलं. डोकं मशीनवर टेकतं. पायाखालचं पायडल आपोआप हलत राहतं, खटखट, खटखट, आणि हळूहळू त्या खटखटीला खूर फुटतात.

दादा दारात बसलाय. पायरीवर, पाठ चौकटीला टेकवून. जसा मैदानावरून आल्यावर बसायचा तसाच, चपला न काढता. समोरचे दोन दात नाहीत.

“कुणाचं शिवतीस गं?”

“तुझ्याच बैलाचं.”

“माझा कवा होता त्यो? मालकाचा होता. मी आपला मागं बसायचो.”

“बसायचास? शेपट्या चावायचास.”

तो हसतो. बैलानं वेग धरावा म्हणून ड्रायव्हर लोक पूर्वी शेपटी दातात धरत. नंतर त्यावर बंदी आली. आली ते बरंच झालं. दादाचे दात मात्र बंदीच्या आधीच सरकारच्या लाथेत गेले होते.

“सरकारची शेपूट चावलेला गावात तू एकटाच,” मी म्हणते.

“चवीला लई कडू असतंय सरकार,” तो म्हणतो, आणि उठून चालायला लागतो. मी झूल खांद्यावर टाकून त्याच्या मागं निघते. अंगणातून उतरायचं तर आम्ही एसटी स्टँडवर उतरतो. तालुक्याचंच स्टँड, तोच तुटका नळ, तीच पानाच्या पिचकाऱ्यांची भिंत. फक्त फलाटांवर गाड्या नाहीत, छकडे आहेत. जुवं मोकळी, दांड्या जमिनीला टेकलेल्या. भोंग्यातून आवाज येतोय.

“सरकार आणि नाग्या, फलाट दोन! मालक आले असतील तर त्यांनी पुढं यावं! मालकांचा सत्कार होईल!”

बाकड्यावर माणसं बसलीत. सगळी बारीक, सगळ्यांच्या मांड्यांवर हात, आणि हात सगळ्यांचे सारखेच, तळव्याला रस्सीच्या रेघा.

“ही माणसं कोण?” मी विचारते.

“बसलेत तेवढे सगळे मोठे ड्रायव्हर हायत,” दादा म्हणतो. “ह्यो गजा लंगडा. पाय मोडला तर डोक्याच्या पटक्यानं पाय दांडीला बांधला आन तसाच फायनलला बसला. पहिला आला. मग पाय सोडवंना, तर सत्काराला छकड्यासकट नेला.”

“सत्कार बैलाचा होता,” गजा म्हणतो. “मी आपला बांधलेला होतो म्हणून गेलो.”

“आन हे बाबालाल मुजावर. ह्यांनी आयुष्यात काठी उचलली न्हाई. नुसतं कानात काहीतरी सांगायचे, आन बैल पळायचा.”

“काय सांगायचे?”

“तेच तर सांगत न्हाईत.”

बाबालालचाचा दाढीत हसतात. “बेटी, सांगायचो काही नाही. विचारायचो. आज जायचं का, म्हणून. बैलाला कुणी विचारत नाही, त्याला तेवढंच लई वाटायचं.”

“मग ह्यांच्यात सगळ्यांत मोठा कोण?” मी विचारते, आणि बाकडं एकदम जागं होतं. गजा म्हणतो मी, बाबालालचाचा म्हणतात गजा, पण तो बोलायला लागल्यावर नाही. तेवढ्यात टोकाचा एक माणूस मोठी टोपी मागं सारतो. गोरा आहे, उन्हानं भाजलेला. पायात टाचांचे बूट. एक हात मांडीवर, दुसरा उगाच हवेत धरलेला.

“हा कुठला?”

“अमेरिकेचा. त्येंच्याकडं छकडा नसतोय. बैलाच्या पाठीवरच बसत्यात, उघड्या पाठीवर. एका हातानं रस्सी धरायची, दुसरा हात असा वर. आठ सेकंद टिकलं की जिंकला.”

“आठ सेकंद? तेवढ्यात तर आपली गाडी जुंपूनबी होत न्हाई,” गजा म्हणतो.

“बसून बघ मग. हाडंच मोजत बसशील,” दादा त्याला म्हणतो, आणि माझ्याकडं वळून हळू बोलतो. “पर एक गोष्ट हाय शेवंते. तिकडं आधी माणसाचं नाव पुकारत्यात. गाव सांगत्यात. मग बैलाचं. दोघांचीबी नावं. ह्येनं सांगितलं तर आम्हाला कुणाला खरंच वाटंना.”

टोपीवाला मान हलवतो. त्याला मराठी येत असावी, किंवा इथं सगळ्यांना सगळंच येत असावं.

“तुम्ही इथं का बसलाय?” मी विचारते.

“नाव पुकारल्याबिगर गाडीत चढता येत न्हाई.”

मी भोंग्याकडं बघते. भोंगा बैलांची नावं घेतोय, मालकांची घेतोय, बक्षीस देणाऱ्यांची घेतोय, त्यांच्या चिरंजीवांची घेतोय. छकडे एकेक करून रिकामेच निघून जातायत. ड्रायव्हर जागचे हलत नाहीत. त्यांना राग नाही. मला त्याचाच राग येतो. इतके दमलेत की रागावायचंही राहून गेलंय.

दादा तिथं बसलेला मला बघवत नाही. आणि दगड वाचल्यापासून जे विचारायचं राहिलंय ते तिथंच बाहेर पडतं.

“दादा, तू कासरा सोडलास का?”

भोंगा खरखरून थांबतो. गजा लंगडा माझ्याकडं असा बघतो, जसं काही मी त्याच्या ताटात थुंकले.

“बहिणीनं इचारावं का हे?” तो म्हणतो.

मला माहीत आहे. ड्रायव्हरला चोर म्हणा, दारुडा म्हणा, चालतं. कासरा सोडला म्हणू नये. रस्सी तुटू शकते, हात निसटू शकतो, त्याला ‘सुटला’ म्हणतात, आणि ते कुणाचंही होतं. ‘सोडला’ म्हणजे जिवाला भिऊन बैल वाऱ्यावर टाकले. सुटला आणि सोडला, दोनच अक्षरांचा फरक. तुम्ही नेमकी तीच दोन कोरून बसलात.

“इचारू दे तिला,” दादा म्हणतो. “तिला शिवायचं हाय ते. चल.”

आम्ही माझ्या घरात आहोत. पण घराला भिंती नाहीत, पांढऱ्या फक्कीच्या रेघा आहेत, लांबच लांब, चुलीच्या बाजूनं, मशीनच्या खालून गेलेल्या. उंबऱ्यावर झेंडा घेतलेला पंच. उंबरा म्हणजे शेवटची रेघ. छकड्यात दादा पुढं वाकून बसलाय आणि मी त्याच्या पाठीला लागून. डावीकडं सरकार, उजवीकडं त्याचा जोडीदार नाग्या. वारा नाही, आवाज नाही. बैल पळतायत आणि सगळं मऊ आहे, कापसातून चालल्यासारखं.

“रेघ वलांडली की काय लागतं?” दादा विचारतो. पोराला विचारावं तसं.

“मोकळं रान. बैल थांबायला.”

“बघ.”

मी बघते. उंबऱ्याच्या पुढं रान नाही. गाड्या आहेत. पांढऱ्या, मोठ्या, एकीला एक चिकटून उभ्या, बॉनेटवर हार. माझ्या अंगणात, तुळशीपाशी, मोरीपर्यंत. गाड्यांच्या टपावर माणसं, गाड्यांच्या फटीत माणसं. उन्हाला सावली म्हणून गाड्यांच्या आडोशाला गर्दी. आणि सगळ्यांच्या पुढं एक म्हातारी, शेंगांची पाटी डोक्यावर, आमच्याकडं पाठ करून, कुणालातरी सुट्टे देतेय.

“तिनं वळूनबी बघितलं न्हाई,” दादा म्हणतो. “हाळी मारली मी. होऽऽ म्हणून बैलांनाबी सांगितलं. पर तेवढ्या पळात थांबतंय व्हय?”

“मग?”

“धर.”

माझ्या डाव्या हातात कासरा आहे. सुताचा, घामानं काळा पडलेला. दुसरा कासरा त्यानं माझ्या उजव्या हातात दिलेला नाही, मांडीखाली दाबून धरलाय.

“फक्त डावा. वढ. पाय रोव आन वढ. कातडं जाईल, जाऊ दे.”

मी ओढते. रस्सी तळव्यातून जळत जाते आणि मी ओढत राहते. सरकारची मान वळते. एवढा मोठा बैल, डोळा माझ्या बाजूला आलेला, त्यात मी दिसते, माझ्या खांद्यावरची झूल दिसते. तो वळतो. नाग्या त्याच्यासंगट वळतो. घर डावीकडं फिरतं, गाड्या फिरतात, म्हातारीची पाटी उजव्या अंगानं सरकून जाते आणि एक शेंगसुद्धा खाली पडत नाही. मग समोर बांध आहे. दगडी बांध.

बांधाची धडक बसत नाही. दादा आणि मी बांधावर बसलोय. पाय खाली सोडून. ऊन उतरल्यासारखं आहे, पण संध्याकाळ नाही.

“सोडला न्हाई,” तो म्हणतो.

“कळलं.”

“सुटलाबी न्हाई.”

“कळलं दादा. ओढला.”

“हां.” तो हात झटकतो. “सरकारवर राग धरू नगंस. पुढं बांध दिसत हुता त्याला. बैल काय आंधळा असतोय? तरी वळला. मी वढलं आन त्येनं ऐकलं. त्याचा पुतळा होतोय तर होऊ दे, माझं काय म्हणणं न्हाई. झूल चांगली शिव त्येला. नीट मापाची. मानंपाशी सैल ठेव.”

“आणि तुझं?”

स्टँडचा भोंगा लांबून ऐकू येतो, अजून मालकांचे आभार मानतोय.

“नाव नसंल घ्यायचं तर नगं,” तो म्हणतो. “बसू आम्ही. सवय हाय. पर माझ्या हातातला कासरा काढून घेऊ नगा म्हणावं.”

“इतकंच?”

“म्हातारीला इचार, शेंगा खपल्या का.” आणि दात नसलेलं तोंड उघडून हसतो. मी त्याचा हात धरायला जाते. हातात मखमल येते.

मी जागी होते. मशीन थांबलंय. गालावर टिकल्यांचे व्रण, झुलीवर अर्धा ‘श्रे’, त्याची मात्रा अजून द्यायची राहिलीय. बाहेर कुणाचा तरी पंप चालू आहे. मी सुई उचलायला जाते, कापड डाव्या हातानं धरते, आणि हात मागं ओढून घेते. आग होते.

डाव्या तळव्यावर आडवी रेघ आहे. करंगळीखालून अंगठ्यापर्यंत. लाल, फुगलेली, मधून कातडी गेलेली. रस्सीची. माझ्या घरात रस्सी नाही. वाळत घालायलासुद्धा तार आहे. उजवा हात कोरडा, स्वच्छ, नुसती बोटातल्या अंगुस्तानाची खूण.

मग मला आठवतं. दादाला घरी आणला तेव्हा अंग धुताना मी त्याचे हात बघितले होते. डाव्या तळव्याची कातडी गेली होती. उजवा हात जसाच्या तसा होता. तेव्हा मला काही सुचत नव्हतं. नुसतं वाटलं, एकच हात कसा. पुढं तो विचार रडण्यात गेला. आज परत आलाय, आणि माझ्याच हातावर आलाय. सोडणाऱ्याचे हात सोललेले नसतात हो. तुम्ही बैल पाळता, तुम्हाला कळत नाही असं म्हणू नका. कळलं होतं म्हणूनच तुम्ही घाईनं दगड कोरायला टाकलात. ‘सोडला’ लिहिलं की पुढं कुणी विचारत नाही, रेघेपुढं काय होतं म्हणून.

झूल मी पुरी करणार आहे. मानेपाशी सैल ठेवणार आहे, कारण बैलानं माझ्या भावाचं ऐकलं. ‘सर्वश्रेष्ठ’ पण लिहिणार. पण त्याखाली, जिथं तुम्ही स्वतःची नावं टाकायला सांगितलीत, तिथं मी एक ओळ भरायला घेतलीय. ‘ड्रायव्हर पोपट मदने. कासरा ओढला.’ डाव्या हातानं कापड धरवत नाही, म्हणून टाके वाकडे पडतायत. पडू देत. वाचता येतील.

उद्या पडदा तुम्ही ओढाल. झूल मी घालीन, दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. माईक तुमच्या हातात असेल आणि मी हा हात वर करून समोर उभी असेन. पुढच्या रांगेत दर मैदानात शेंगा विकणारी ती म्हातारीही असेल, तिला मी बोलावणं धाडलंय. तुम्हाला त्या दगडावरचा ‘सोडल्यामुळे’ एवढा एकच शब्द मोठ्यानं वाचायचाय, आणि तो तिच्या तोंडाकडं बघून वाचायचाय. त्याच्या आधी मला एवढंच सांगा, कागदावर नको, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगा.

रेघेपुढं त्या गाड्या कुणी लावायला सांगितल्या?