तिसरा पुकारा

नुसत्या आवाजावर दगडी इमारत तोलून धरणारा माणूस परभणी जिल्ह्यात एकच, आमचे पुकारेवाले मामा. सख्खे नव्हेत, वडिलांचे कोर्टातले दोस्त. तालुक्याच्या गावी, निजामाच्या काळात बांधलेल्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारणं ही त्यांची नोकरी. तीनदा पुकारूनही माणूस आला नाही की गैरहजर, आणि दावा हातचा गेला. पण मामा दोनदा पुकारायचे आणि थांबायचे. घसा खाकरायचे, पाणी प्यायचे. जज्जसाहेब चिडले की म्हणायचे, "वालूरची बस यायची हाय, साहेब." एकदा त्या खाकरण्यातच माझे वडील बसमधून उतरून धावत पोचले आणि आमचं शेत वाचलं. त्याच शेताच्या पिकावर माझं कॉलेज झालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी कुठंही छाती फुगवून सांगतो.

घरीही मामांचा तोच खाक्या. चहा हवा असला की मामींच्या नावानं "हाजिर हो!" अशी आरोळी, सगळी गल्ली दणाणायची. मामी मुद्दाम दोन पुकारे होऊ द्यायच्या आणि मग परसातून ओरडायच्या, "आले, आले! मी काय आरोपी हाय का?"

पुढं कोर्ट नव्या इमारतीत गेलं, मामा रिटायर झाले, मामीही गेल्या. जुन्या कोर्टाला कुलूप लागलं. तरी मामा रोज तिथला व्हरांडा झाडतात, शेळ्या हाकलतात आणि बंद दारासमोर एखादं जुनं नाव पुकारतात. "कुणी बोललं न्हाई की दगडालाबी करमत न्हाई, भाच्या."

परवा ती इमारत पाडायची की जतन करायची, हे ठरवायला एक सरकारी साहेब आले. ज्यांना ती राहावी वाटते त्यांनी यावं, असं गावभर सांगितलं होतं. आलो आम्ही दोघंच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तसे मामा पायरीवर चढले आणि छाती भरून ओरडले, "गाववाले, हाजिर हो!" कबुतरं उडाली. पुन्हा ओरडले. रस्त्यावरचा एक माणूस थांबला, जरा बघून निघून गेला.

"अजून एकदा पुकारा की," साहेब हसून म्हणाले.

"बस यायची हाय, साहेब."

साहेबांनी फाईल मिटली. मग पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाले. तारखांना वैतागलेली माणसं जन्मभर पाहिलेले मामा, तारीख पडली म्हणून लय खुश!

मी त्यांना घरी सोडायला गेलो. कुलूप काढून मामांनी अंधाऱ्या घरात मामींना पुकारलं. दोनदा. मग घसा खाकरला आणि उंबऱ्यावरच बसून राहिले.